संगणक पत्ते नीट पिसतो का?

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर माझा भाचा आणि त्याचे सात मित्र एका वहीभोवती दाटीवाटीने बसलेले दिसले. ही मुले मोबाइलवर पत्त्यांच्या लढतीचा एक खेळ खेळतात. प्रत्येकाने आपली ३० पानांची कॅट स्वतः जुळवायची, इंटरनेटवर भेटलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर ती घेऊन उतरायचे आणि ‘ऊर्जा’ देणाऱ्या पानांच्या बळावर आपले योद्धे मैदानात आणायचे, असे त्या खेळाचे साधारण स्वरूप आहे. खेळ तयार करणाऱ्यांना पाठवण्यासाठी मुलांनी सुधारणांची यादी केली होती. एक योद्धा इतरांच्या मानाने फारच प्रबळ आहे, त्याची ताकद कमी करा. गाडी बोगद्यात शिरल्यावर नेटवर्क गेले तर लगेच डाव हरल्याचे धरू नका. अशा रास्त मागण्या त्यात होत्या. मात्र यादीत सर्वांत वर, दोनदा अधोरेखित करून लिहिले होते : ‘पत्ते नीट पिसा. पाने ठरवून वाटली जातात.’

“मामा, सलग तीन डावांत हातात ऊर्जेचे एकही पान आले नाही. हे आपोआप होईल का?” भाच्याने विचारले. प्रश्न चांगला होता. जगभर असे खेळ खेळणाऱ्यांची ही बहुधा सर्वांत जुनी तक्रार आहे आणि तिचे उत्तर देताना संगणकशास्त्रातल्या एका अतिशय देखण्या युक्तीपाशी पोहोचता येते, म्हणून हा लेख.

आधी हिशेब पाहू. ३० पानांच्या कॅटमध्ये ऊर्जेची १० पाने असतील आणि सुरुवातीला ५ पाने हातात येत असतील, तर त्यांत ऊर्जेचे एकही पान नसण्याची शक्यता शाळेत शिकलेल्या गणिताने काढता येते. पहिले पान ऊर्जेचे नसण्याची शक्यता ३० पैकी २०, मग दुसरे नसण्याची २९ पैकी १९, असे करत पाच अपूर्णांकांचा गुणाकार केला की उत्तर १०.९ टक्के येते. म्हणजे कॅट कितीही प्रामाणिकपणे पिसली तरी साधारण दर नवव्या डावाला हात कोरडा असणारच. रोज दहा डाव खेळणारे हजार खेळाडू घेतले, तर त्यांतल्या सुमारे नऊ जणांना त्या दिवशी सलग तीन कोरडे हात सोसावे लागतील. ज्यांना ते सोसावे लागत नाहीत ते गप्प असतात आणि ते नऊ जण मात्र आपल्या मित्रांना सांगतात. मुलांना हे पटले, पण पूर्ण नाही. हातात खरे पत्ते घेऊन खेळताना असे कधी होत नाही, असा त्यांचा अनुभव होता, आणि तो अनुभव खोटा नव्हता.

याचे कारण आपल्या हातांत आहे. कर्जत किंवा कसारा लोकलमध्ये मांडीवर बॅग आडवी ठेवून रंगणारा मेंढीकोटचा डाव आठवा. प्रत्येक हात होतो तेव्हा बहुधा एकाच प्रकारची चार पाने एकत्र गोळा होतात : चार इस्पिक, चार बदाम, चार चौकट. पुढचे स्टेशन यायच्या आत डाव सुरू करायचा असतो, म्हणून कॅट दोनतीनदा वरखाली करून वाटली जाते. पावसाळ्यात तर पाने एकमेकांना चिकटूनच राहतात. अशी अर्धवट पिसलेली पाने चौघांना एकेक करून वाटली, की मघाची चार बदामे चार जणांत एकेक जातात आणि सर्वांच्या हातात सगळे प्रकार जवळजवळ समप्रमाणात येतात. नीट पिसलेल्या कॅटमधून मिळालेल्या १३ पानांत एखादा प्रकार मुळीच नसण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते. घाईने पिसलेल्या कॅटमध्ये ती त्याहून कमी राहते. ब्रिजच्या स्पर्धांमध्ये संगणकाने वाटलेले डाव आले, तेव्हा मुरलेल्या खेळाडूंनीही ‘हे हात विचित्र आहेत’ अशी तक्रार केली होती. प्रत्यक्षात संगणकाचे हात गणिताला धरून होते, आणि सवय झालेले हात तसे नव्हते.

डेव्ह बेयर आणि पर्सी डायाकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवले की, कॅटचे दोन भाग करून पाने एकमेकांत फरफर मिसळण्याच्या पद्धतीने ५२ पाने पुरेशी विस्कटायला सात फेऱ्या लागतात. आपल्याकडे प्रचलित असलेली, तळव्यावर थोडी थोडी पाने सोडत जाण्याची पद्धत याहून कितीतरी मंद आहे.

मग संगणक हे काम कसे करतो? इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मला या विषयातले हेच सर्वांत आवडते.

कट्ट्यावर मी मुलांसमोर तीनच पाने मांडली : एक्का, राजा, राणी. तीन पानांचे क्रम सहा होतात आणि चांगल्या पिसण्यात या सहाही क्रमांना सारखीच संधी मिळाली पाहिजे. मी मुलांना पिसण्याची रीत लिहायला सांगितली. त्यांतल्या संगणक शिकणाऱ्या मुलाने चटकन लिहिले : पहिल्या जागेवरचे पान घ्या, तीन जागांपैकी कुठलीही एक जागा चिठ्ठी टाकून निवडा, दोन्ही पानांची अदलाबदल करा, मग दुसऱ्या जागेसाठी तेच, मग तिसऱ्या जागेसाठी तेच. रीत निर्दोष दिसते. प्रत्येक वेळी तीन पर्याय, तीन वेळा निवड, म्हणजे एकूण २७ वाटा. पण २७ वाटा सहा क्रमांत सारख्या वाटता येतील का? २७ ला ६ ने भाग जात नाही. म्हणजे चिठ्ठी कितीही निःपक्षपाती असली, तरी कुठल्या तरी क्रमाला जास्त वाटा मिळणार हे मांडणीतच ठरून गेले आहे. आम्ही त्या २७ वाटा वहीच्या मधल्या पानावर एकेक करून लिहून काढल्या. तीन क्रम पाच-पाच वेळा आले आणि तीन क्रम चार-चार वेळा. राजा सर्वांत वर येण्याचे प्रसंग १० निघाले, एक्क्याचे ९ आणि राणीचे फक्त ८. तीन पाने, साधी अदलाबदल, आणि तरीही राजावर मेहेरनजर!

बरोबर रीत या रीतीपेक्षा एका शब्दानेच वेगळी आहे. शेवटच्या जागेपासून सुरुवात करा. तिच्यासाठी तिन्ही पानांतून एक निवडा आणि तिथे ठेवा. आता ती जागा बंद झाली, तिला पुन्हा हात लावायचा नाही. दुसऱ्या जागेसाठी ‘उरलेल्या’ दोनांतून निवडा, आणि पहिल्या जागी जे राहील ते राहील. वाटा झाल्या तीन गुणिले दोन गुणिले एक, म्हणजे बरोबर सहा. क्रमही सहा. प्रत्येक क्रमाला एक आणि एकच वाट. पाने ३० असोत की ५२, हा हिशेब तंतोतंत जुळतो; कुठलाही क्रम सुटत नाही आणि कुठलाही क्रम दोनदा येत नाही. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ साली आपल्या कोष्टकांच्या पुस्तकात ही रीत कागद-पेन्सिलीसाठी दिली होती. शेतीवरच्या प्रयोगांत कुठल्या वाफ्याला कुठले खत द्यायचे, यात प्रयोग करणाऱ्याची आवडनिवड शिरू नये अशासारखी गरज तिच्यामागे होती. १९६४ मध्ये रिचर्ड डर्स्टेनफेल्ड यांनी तिला संगणकाला सोयीचे, जागच्या जागी अदलाबदल करणारे रूप दिले. आज योग्य प्रकारे लिहिलेल्या पत्त्यांच्या खेळात हीच रीत वापरली जाते आणि ती चारपाच ओळींत मावते.

रीत बरोबर असली तरी चिठ्ठी कोण टाकतो, हा प्रश्न उरतोच. संगणक स्वभावतः आज्ञाधारक आहे. त्याला ‘मनाला येईल तो आकडा सांग’ म्हणता येत नाही. तो एका आरंभीच्या संख्येपासून, जिला बीज म्हणतात, ठरलेल्या गणिताने पुढचे आकडे काढत जातो. बीज तेच तर आकडे तेच, आणि आकडे तेच तर पिसलेली कॅटही तीच. ५२ पानांचे एकूण क्रम म्हणजे ६८ अंकी संख्या होते, साधारण ८ वर ६७ शून्ये. बीज ३२ बिटांचे, म्हणजे ० किंवा १ अशा ३२ अंकांचे, असेल तर बिजे होतात फक्त ४२९ कोटींच्या आसपास. म्हणजे उरलेले जवळजवळ सगळे क्रम त्या खेळात कधीच, कुठल्याही जन्मात येऊ शकत नाहीत. ५२ पानांचे सर्व क्रम शक्य व्हायचे असतील, तर बीज किमान २२६ बिटांचे हवे.

यात धोका किती असतो हे १९९९ मध्ये दिसले. त्या वेळच्या एका ऑनलाइन पोकर प्रणालीच्या निर्मात्यांनी आपला प्रामाणिकपणा दाखवण्यासाठी पिसण्याची रीत जाहीर केली होती. तज्ज्ञांनी ती वाचली तेव्हा दोन दोष आढळले. अदलाबदलीची रीत वर सांगितलेल्या २७ वाटांच्या चुकीच्या जातीची होती आणि बीज घड्याळातून, म्हणजे मध्यरात्रीपासून उलटलेल्या मिलिसेकंदांतून घेतले जात होते. दिवसाचे मिलिसेकंद होतात ८ कोटी ६४ लाख. सर्व्हरच्या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवल्यावर शक्यता सुमारे दोन लाखांवर आल्या. आपल्या हातातली दोन आणि टेबलावर सर्वांसाठी उघडलेली तीन, अशी पाच पाने दिसताच संगणक त्या दोन लाखांतली नेमकी कॅट हुडकून काढत असे, आणि मग प्रत्येकाच्या हातातले पान न् पान उघडे पडत असे. ही चूक शोधता आली, कारण रीत जाहीर होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले. पाने पिसून वाटण्यात नशिबाचा भाग असतो हेही त्याच निकालात मान्य केले होते. कौशल्याला वाव राहतो तो नशिबाचा तेवढा भाग निःपक्षपाती असेल तरच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संमत केला. मुलांचा खेळ पैशांचा नाही, तरी निःपक्षपाती पिसण्याचा त्यांचा हक्क त्यामुळे कमी होत नाही.

मुलांच्या यादीत एका ओळीत खरे तर दोन मागण्या मिसळलेल्या होत्या आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. ‘नीट पिसा’ ही एक आणि ‘कोरडे हात देऊ नका’ ही दुसरी. नीट पिसले तर कोरडे हात येणार. ते नको असतील तर मुद्दाम कमी पिसावे लागेल आणि तसे करणारे खेळ आहेतही. ‘मॅजिक : द गॅदरिंग अरिना’ या खेळात एकाच डावाच्या लढतीत आरंभीचे एकाहून अधिक हात काढून, कॅटमधल्या ऊर्जा देणाऱ्या पानांच्या प्रमाणाशी जवळ असणारा हात देण्याची सोय आहे आणि ती जाहीरपणे सांगितलेली आहे. ‘डोटा २’ या लढाईच्या संगणक-खेळात २५ टक्के संधी असलेला प्रहार सुरुवातीला सुमारे साडेआठ टक्के संधीने येतो आणि चुकेल तसतशी संधी वाढत जाते. त्यामुळे दीर्घकाळ कोरडे जाणे टळते. हे उपाय वाईट नाहीत, पण फुकटही नाहीत. सुरुवातीचा हात सुधारून मिळणार हे कळल्यावर हुशार खेळाडू ऊर्जेची पाने कमी करून त्या जागी योद्धे भरतो, आणि खेळाचा तोल दुसरीकडून ढळतो. म्हणून अशी सोय हवी की नको यावर खेळाडूंनी जरूर वाद घालावा, मात्र तिला पिसण्याची दुरुस्ती म्हणू नये.

मुलांच्या बोलण्यात आणखी काही समजुती होत्या : रात्री बारानंतर पाने चांगली येतात, ॲप बंद करून उघडले की नशीब पालटते, टोपणनावात एक अक्षर वाढवल्यावर एकाला लागोपाठ विजय मिळाले. नावाचे स्पेलिंग बदलून भाग्य उजळवणाऱ्यांच्या जाहिराती लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या असतात, त्यांच्याच जातीची ही समजूत आहे, आणि तिचे खंडन लहान वयातच झालेले बरे. बीजाला तुमचे नाव ठाऊक नसते. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेने पिसलेले पत्ते’ अशी जाहिरात दिसली तर तिच्यावरही विश्वास ठेवू नये. वरच्या चारपाच ओळींत सुधारणा करण्यासारखे बुद्धिमत्तेला काही उरलेले नाही.

मग खेळाडूंनी मागावे काय? माझ्या मते, पडताळा. आदी शमीर, रोनाल्ड रिव्हेस्ट आणि लेनर्ड ॲडलमन या संगणकशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच, दूर बसलेल्या दोघांना कुणा तिसऱ्यावर विश्वास न टाकता पत्ते खेळता येतील हे दाखवले होते. त्यांची पद्धत अवघड आहे, पण तिच्या जातीची सोपी युक्ती आज कुठल्याही खेळात बसवता येईल. डाव सुरू होण्यापूर्वी सर्व्हरने आपले बीज एका मोठ्या संख्येच्या रूपात ठरवावे आणि त्याचा अंगठा, म्हणजे एसएचए-२५६ सारख्या रीतीने काढलेला ६४ अक्षरांचा ठसा, दोन्ही खेळाडूंना पाठवावा. ठशावरून बीज ओळखता येत नाही आणि तोच ठसा देणारे दुसरे बीज शोधणे व्यवहारात अशक्य असते, म्हणून हे सीलबंद पाकीट हातात दिल्यासारखे होते. त्यानंतर प्रत्येक खेळाडूच्या मोबाइलने आपापली एक संख्या त्यात मिसळावी. ही पायरी गाळता येत नाही; नाही तर सर्व्हर आधीच हजार बिजे तपासून हवे ते निवडू शकेल. डाव संपला की बीज उघड करावे. ज्याला शंका असेल त्याने ठसा जुळवून पाहावा, पिसण्याची रीत स्वतः चालवावी आणि तीच पाने त्याच क्रमाने येतात का हे तपासावे.

मुलांनी वहीतली पहिली ओळ खोडली आणि तिच्या जागी दोन ओळी लिहिल्या : ‘पिसण्याची रीत जाहीर करा आणि डाव संपल्यावर बीज दाखवा’, आणि खाली प्रश्नचिन्हासह, ‘पहिल्या हातात ऊर्जेचे एक पान नक्की द्यावे?’ या दुसऱ्या ओळीवर त्यांचे अजून एकमत नाही.

निघताना भाच्याने विचारले की, उत्तर येईपर्यंत आपणच मोजून पाहिले तर? पाहता येते. पण दहावीस डावांत काही कळत नाही. कोरड्या हातांचे प्रमाण ११ टक्के आहे की १४, एवढा फरक भरवशाने ओळखायचा तर हजाराच्या आसपास डावांची नोंद लागते आणि हरलेला डाव लिहिला व जिंकलेला विसरला असे चालत नाही. आठ मुलांनी प्रत्येकी १२५ डाव वाटून घेतले आहेत. वहीच्या मागच्या पानापासून रकाने आखले आहेत : तारीख, डावाचा क्रमांक, पहिल्या हातातली ऊर्जेची पाने.