उष्णकटिबंधीय शोभिवंत मासे : पाण्याचे तापमान व वीण

मासे अनियततापी असल्याने पाण्याचे तापमान तेच त्यांच्या शरीराचे तापमान, आणि जननग्रंथींच्या वाढीचा वेगही त्यावरच ठरतो. पाणी गार असल्यास अंड्यांत पीतक (भ्रूणाचे अन्न) साठण्याची क्रिया मंदावते. ते फार तापल्यास अंड्यांची प्रत घसरते. बहुतेक जाती साधारणतः २४ ते २८ अंश से. तापमानात अंडी घालतात. डिस्कस या माशाला २८ ते ३० अंश मानवतात.

वीण नेमकी कशाने सुरू होते, याविषयी एकमत नाही. कोरिडोरस माशांच्या टाकीत काही अंशांनी गार पाणी घातले की बऱ्याचदा एकदोन दिवसांत मादी अंडी घालते. त्यावरून तापमानातील घट हाच संकेत, असे पुष्कळ मत्स्यपालक मानतात. परंतु निसर्गात हा गारवा पावसामुळे येतो, आणि पावसाबरोबर केवळ गारवा येत नाही : क्षार विरळ होतात, पातळी चढते, पृष्ठभागावर थेंब आपटतात. फ्रांक किर्शबाउम यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आयगेनमानिया या दक्षिण अमेरिकी विद्युत्‌ माशाच्या जननग्रंथी पाण्याची विद्युत्‌संवाहकता (म्हणजे क्षारांचे प्रमाण) घटवून, पातळी वाढवून व कृत्रिम पाऊस पाडून पक्व करता आल्या. त्यामुळे गारवा हा पावसाच्या अनेक खुणांपैकी एक मानणे अधिक सयुक्तिक वाटते. शिवाय चांगल्या आहाराने मादी आधीच अंड्यांनी भरलेली नसेल, तर नुसत्या गार पाण्याचा उपयोग होत नाही. झेब्रामाशाची गोष्ट वेगळी. प्रयोगशाळांत तो वर्षभर सुमारे २८.५ अंशांवर ठेवतात आणि तरीही तो नियमित अंडी घालतो. वेळ ठरवतो तो पहाटेचा प्रकाश.

ऊब वाढली की अंडी लवकर फुटतात. २८.५ अंशांवर झेब्रामाशाची पिले दोन ते तीन दिवसांत बाहेर येतात. मात्र हवेने संपृक्त गोड्या पाण्यात २५ अंशांवर लिटरमागे सुमारे ८.३ मिग्रॅ. असलेला प्राणवायू ३० अंशांवर ७.६ मिग्रॅ.पर्यंत उतरतो आणि भ्रूणाची गरज तर वाढलेली असते. एंजेलफिशची जोडी अंड्यांना परांनी सतत वारा घालते, फायटरचा नर पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो, यामागचे एक कारण हेच.

पिलांचे लिंगही काही जातींत तापमानावर ठरते. र‍्योमर व बाइझेनहेर्झ या संशोधकांना (१९९६) अ‍ॅपिस्टोग्रामा या छोट्या दक्षिण अमेरिकी माशांच्या बहुतेक जातींत उबदार पाण्यात नरांचे प्रमाण वाढलेले आढळले. पाण्याच्या आम्लतेचा परिणाम त्या मानाने कमी जातींत दिसला. ओस्पिना-आल्वारेझ व पिफेरर यांनी २००८ मध्ये माशांतील अशा दाव्यांची कठोर छाननी करून अनेक जाती वगळल्या. अ‍ॅपिस्टोग्रामा मात्र तापमानावर लिंग ठरणाऱ्यांच्या यादीत टिकला.