शेततळ्यात मोठा मासा वाढवणे

बागेसाठी साठवलेल्या पाण्यात मोजकेच मासे सोडून ते दोन-तीन किलोंपर्यंत वाढवण्याची शेतीपूरक पद्धत. सांगली जिल्ह्यातील जत, आटपाडी, कवठे महांकाळ आणि सातारा जिल्ह्यातील माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांत ती विशेष उपयोगी आहे. टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी माळावर चढवले. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही राज्याची योजना आली. द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी आता सगळीकडे दिसतात. त्यातले पाणी बागेचे असते, मासा तिथे पाहुणा असतो. ही पद्धत समजून घेताना हे आधी लक्षात घ्यावे लागते.

मासा किती मोठा होईल हे जातीइतकेच गर्दीवर ठरते. तळे ठरावीकच वजनाचे मासे पोसू शकते. तेच वजन हजार माशांत वाटले गेले की सगळे हातभर होण्याआधीच थांबतात. मिश्र मत्स्यपालनात (एका तळ्यात अनेक जातींचे मासे) हेक्टरी ५,००० ते १०,००० बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडतात, म्हणजे गुंठ्याला ५० ते १००. मोठा मासा हवा असेल तर गुंठ्याला २० ते २५ पुरतात. मरतूक धरून दुप्पट बीज (पिल्ले) टाकण्याची सवय इथे नडते. आंध्रात कोल्लेरू सरोवराच्या परिसरात याच गुणाचा उलटा उपयोग करतात. बीज वर्षभर मुद्दाम दाटीत ठेवून खुजे राखायचे आणि मग मोकळ्या तळ्यात सोडायचे. जागा आणि खाद्य मिळताच ते झपाट्याने वाढते. असे वर्षाचे बीज मिळाले तर ते बोटुकलीपेक्षा केव्हाही चांगले.

अमेरिकेत खासगी तळ्यांत बास हा भक्षक मासा मोठा वाढवणाऱ्यांनाही हाच हिशेब करावा लागतो. अलाबामातील ऑबर्न येथे संशोधक होमर स्विंगल यांनी १९३० च्या दशकापासून अशा तळ्यांचा अभ्यास केला. भक्ष्य माशांचे एकूण वजन भक्षकांच्या तीन ते सहा पट असले तर तळे समतोल राहते, असे त्यांना आढळले. बास तळ्यातच वितो, त्यामुळे तिथला मालक दरवर्षी लहान बास काढून टाकतो. आपला कटला, रोहू, मृगळ साठलेल्या पाण्यात वीत नाही. त्याला पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून १९५७ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाच्या इंजेक्शनने रोहू-मृगळासारख्या माशांचे प्रजनन घडवले, तेव्हा देशातील मत्स्यशेतीची दिशाच बदलली. शेततळेवाल्याला याचा मोठा फायदा आहे: सोडले तेवढेच मासे राहतात, विरळणी करावी लागत नाही.

याला अपवाद सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि चिलापी (तिलापिया); हे मासे साठलेल्या पाण्यातही वितात. चिलापी एकदा शिरली की दर काही महिन्यांनी पिल्ले काढते आणि तळे बोटभर माशांनी भरून जाते. कालव्याच्या पाण्याबरोबर ती येते, म्हणून पाइपाच्या तोंडाला बारीक जाळीचे कापड बांधावे. आलीच, तर कटला पावकिलोच्या पुढे गेल्यावर थोडे मरळ (शिकारी मासा) सोडणे हा चांगला उपाय आहे. मरळ चिलापीची पिल्ले खातो, त्याला भावही चांगला मिळतो. मात्र तो आपल्याहून लहान मरळही खातो, तेव्हा सारख्या आकाराचेच सोडावेत.

खरा पेच पाण्याच्या रंगाचा आहे. कटल्याला प्लवंगांनी (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांनी) भरलेले हिरवट पाणी हवे; कोपरापर्यंत हात बुडवल्यावर तळवा जेमतेम दिसावा, इतपत. ठिबकला मात्र स्वच्छ पाणी हवे, नाहीतर ड्रिपर तुंबतात. मग शेवाळ मारायला बागायतदार तळ्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकतो आणि त्यातले तांबे माशाला मारते. मासे ठेवायचे असतील तर मोरचूद बंद करून सँड फिल्टर वारंवार धुण्याची तयारी हवी, मोरचूद आणि मासे दोन्ही साधता येत नाहीत. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षावरील केवडा रोगासाठी होणाऱ्या बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाच्या) फवारण्यांचाही असाच धोका असतो. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके तर माशांना अत्यंत विषारी. ब्लोअरची (फवारणी यंत्राची) टाकी तळ्याच्या काठावर धुवू नये.

कागदाच्या तळ्यात चिखल नसतो, त्यामुळे तळाशी चरणाऱ्या मृगळाला फारसे काही मिळत नाही. तिथे कटला आणि रोहूवर भर द्यावा. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात, किंवा तरंगते खाद्य, माशांच्या वजनाच्या दोन-तीन टक्के रोज. थंडीत भूक मंदावते, तेव्हा ते कमी करावे. खाद्य उरले की कुजते आणि प्राणवायू खाते. पहाटे मासे वर तोंड काढून हवा घेताना दिसले तर त्या दिवशी खाद्य बंद करून मोटारीचे पाणी उंचावरून सोडावे. ढगाळ हवेत हे जास्त घडते, कारण रात्रीनंतर आधीच कमी झालेला प्राणवायू उन्हाअभावी भरून निघत नाही.

एप्रिल-मेमध्ये बागेला पाणी जाते आणि तळे आटू लागते. दुसऱ्या वर्षासाठी मासे राखायचे असतील तर कमीत कमी दीड मीटर पाणी शिल्लक ठेवावे लागते. तेवढे परवडत नसेल, तर निम्मे मासे मार्चमध्येच काढून घ्यावेत, उरलेल्यांना जागा होते. खाद्य नीट मिळाले तर विरळ तळ्यातला कटला वर्षात किलोच्या पुढे जातो.

जाळे ओढताना खुंट्या, विळे आणि टोकदार वजने कागदापासून दूर ठेवतात. ओल्या प्लास्टिकच्या उतारावर माणसाचा पाय टिकत नाही, पोहता येणारासुद्धा वर चढू शकत नाही. म्हणून चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडलेले असावेत, भोवती कुंपण असावे आणि खाद्य टाकायला एकट्याने उतरू नये.