महाधमनीचा सीटी: ‘चारचा रेट’ कुठून आला?

सांगली-मिरजेच्या सीटी कक्षात महाधमनीच्या अँजिओची (शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन घ्यायच्या चित्राची) तयारी सुरू झाली की ‘चारचा रेट, ऐंशी एमएल, मागून सलाइन’, म्हणजे सेकंदाला ४ मिलीच्या वेगाने ८० मिली औषध आणि त्यामागे सलाइन, एवढी सूचना पुरते. यातले आकडे एकाच वेळी ठरलेले नाहीत आणि ‘रेट’ हा शब्द तर मुळातच अर्धी माहिती देतो.

१९२९ साली लिस्बनमध्ये पाठीतून थेट महाधमनीत सुई घालून तिचे चित्र घेतले गेले. हाताच्या शिरेतून दिलेल्या औषधावर भरवसा ठेवता आला तो टेबल सरकत असताना सलग फिरत चित्र घेणाऱ्या स्पायरल सीटीमुळे. १९९०च्या दशकातील त्या यंत्राला छाती आणि पोट पार करायला अर्धा मिनिट किंवा अधिक लागे, म्हणून तेवढा वेळ पुरेल असे १२० ते १५० मिली औषध द्यावे लागे. १९९८मध्ये चार ओळींचे (एका फेरीत चार काप घेणारे) आणि २००४च्या सुमारास ६४ ओळींचे यंत्र आले, तेव्हा हेच अंतर दहाएक सेकंदांत कापले जाऊ लागले. औषध कमी झाले, पण यंत्र रक्ताच्याही पुढे धावू लागले. धमनीविस्फारात, म्हणजे महाधमनी फुगलेल्या जागी, रक्त रेंगाळते, त्यामुळे स्कॅन जांघेपर्यंत पोहोचला तरी औषध पोटातच असे. म्हणून औषध सुरू केल्यापासून २५-३० सेकंदांचा ठरीव थांबा मागे पडला. उतरत्या महाधमनीत लक्ष ठेवून १०० ते १५० एचयू (सीटीवरील उजळपणाचे एकक) दिसताच, आणखी काही सेकंद थांबून, स्कॅन सोडण्याची पद्धत रुळली.

खरा घोळ ‘रेट’मध्ये आहे. महाधमनी उजळते ती दर सेकंदाला आत जाणाऱ्या आयोडीनमुळे, मिलीच्या आकड्यामुळे नव्हे. दर मिलीत ३०० मिलिग्रॅम आयोडीन असलेले औषध सेकंदाला ४ मिलीने दिले तर सेकंदाला १.२ ग्रॅम आयोडीन जाते, ३५०चे दिले तर १.४ आणि ४००चे दिले तर १.६. शब्द तोच, फरक एक-तृतीयांशाचा. दाट औषधाची दुसरी बाजूही विसरता येत नाही: डिसेंबरच्या सकाळी कपाटातून थेट काढलेल्या बाटलीची धार काकवीसारखी जड पडते, शिरेत बसवलेल्या बारीक गुलाबी नळीतून (कॅन्युलातून) दाब मर्यादेला टेकतो आणि इंजेक्टर आपणहून वेग उतरवतो, मग ठरवलेले ४ प्रत्यक्षात ४ राहत नाहीत. ३७ अंशांपर्यंत गरम केलेले औषध आणि कोपराच्या शिरेतली जाड हिरवी कॅन्युला यांचा आग्रह त्यासाठीच असतो. हात शक्यतो उजवा घ्यावा, कारण डावीकडून येणारी औषधाने भरलेली शीर महाधमनीच्या कमानीसमोरून जाते आणि तिच्या रेघा नेमक्या तिथेच पडतात.

पुढे क्ष-किरण नळीला १२०ऐवजी १०० केव्हीचा (किलोव्होल्टचा) विद्युतदाब वापरात आला. आयोडीनची के-कडा, म्हणजे जिथे ते क्ष-किरण एकदम जास्त शोषू लागते ती ऊर्जा, ३३.२ केईव्हीला असल्याने कमी केव्हीवर ते अधिक उजळ दिसते, आणि सडपातळ रुग्णात सेकंदाला १.४ ग्रॅमचे काम १.१ ग्रॅममध्येही भागू शकते. मूत्रपिंड आधीच थकलेल्या वृद्धासाठी ही बचत मोठी आहे, परंतु ‘चारचा रेट’ म्हणणाऱ्या सूचनेत तिला जागाच नाही. जत-आटपाडीहून दर वर्षी विस्फार मोजायला येणाऱ्या रुग्णाच्या जुन्या अहवालात ‘८० मिली’ एवढेच लिहिलेले सापडते. औषधाची दाटी, वेग आणि केव्ही नसतात, त्यामुळे गेल्या वर्षी चांगले आलेले चित्र या वर्षी तसेच कसे घ्यायचे, हे टेबलाशी उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला नव्याने ठरवावे लागते.