नागपूरचे नगरवित्त

नागपूरचे नगरवित्त : नागपूर शहराच्या स्थानिक स्वराज्य संस्थेचे उत्पन्न, खर्च व कर्ज आणि त्यांवर लोकनियुक्त सभासदांचे चालणारे नियंत्रण या सर्वांना मिळून येथे नगरवित्त म्हटले आहे. १८६४ मध्ये स्थापन झालेली नगरपालिका आणि २ मार्च १९५१ रोजी अस्तित्वात आलेली महानगरपालिका (बोलीत ‘मनपा’) हे या व्यवस्थेचे दोन मुख्य टप्पे होत. नगरपालिका स्थापन झाली तेव्हा तिची हद्द सुमारे १५.५ चौ. किमी. आणि लोकसंख्या ८२,००० च्या आसपास होती. साफसफाई, दिवाबत्ती व पाणी ही तिची कामे. १९३६ च्या कायद्याने निर्माण झालेला नागपूर सुधार प्रन्यास ही निराळी संस्था. तिचा हिशेब वेगळा असला, तरी अभिन्यास (ले-आउट), भूखंड व विकासशुल्क यांतून येणारा पैसा दीर्घकाळ तिच्याकडे जात असल्यामुळे तिला बाजूला ठेवून शहराच्या तिजोरीचा विचार करता येत नाही.

करांचा उगम : नागपूरच्या नागरी करांचा वारसा भोसलेकालीन करांपैकी नेमका कोणाकडे न्यावा, हा वादाचा मुद्दा आहे. दोन करांकडे बोट दाखवता येते : पांढरी आणि सायर.

गावाच्या वस्तीची जागा ती पांढरी आणि कसायची जमीन ती काळी, हा भेद मराठी मुलखात सर्वत्र परिचित आहे. राख, चुना, पडक्या भिंतींची माती साचून जुन्या वस्तीची जमीन पांढुरकी होते. पुरातत्त्वज्ञ ज्यांना पांढरीची टेकाडे म्हणतात ती हीच. काळीवरचा शेतसारा शेतकरी भरत असे. पांढरीत राहणारे पण काळीवर न जगणारे विणकर, तेली, सोनार, दुकानदार, सावकार यांच्यावर बसणारा तो पांढरी कर. नागपूरचे ब्रिटिश रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांनी भोसल्यांच्या मुलखासंबंधी केलेला अहवाल १८२७ मध्ये छापला गेला. या कराच्या माहितीसाठी तो आजही प्रथम उघडावा लागतो. १८५४ मध्ये राज्य खालसा झाल्यावरही इंग्रजांनी हा कर ठेवला आणि पुढे कायद्यानेच त्याला आधार दिला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो बंद झाला असे धरण्यास हरकत नाही. शेती सोडून अन्य मार्गाने होणाऱ्या कमाईवरचा कर म्हणून त्याची तुलना आयकराशी केली जाते, आणि ती बरीचशी योग्य आहे.

सायर हा माल हलवताना नाक्यावर द्यावा लागणारा कर. जकात हा शब्द त्याच्या जवळचा. अरबीत तो धार्मिक दानाचा वाचक आहे. मराठीत मात्र धर्माचा अर्थ गळून पडला आणि शिवकालापर्यंत तो मालावरील कर या अर्थाने रुळलेला होता. नगरपालिकेची जकात नाक्यावर घेतली जाई, दरपत्रक मालावर ठरे, म्हणून ती सायराचीच वंशज होय असे मानण्याकडे कल दिसतो. परंतु सायर वाटेने जाणाऱ्या प्रत्येक मालावर होता, तर नगरपालिकेची जकात शहरात खपणाऱ्या, वापरल्या जाणाऱ्या किंवा विकल्या जाणाऱ्या मालापुरतीच होती. नुसत्या जाणाऱ्या मालाला सूट किंवा परतावा द्यावा लागे. म्हणजे वसुलीची रीत सायराची, पण भार सोसायचा तो शहरात राहणाऱ्याने, हे तत्त्व पांढरीचे. मध्य प्रांत व वऱ्हाडात माणसाची ऐपत पाहून बसवला जाणारा ‘हैसियत कर’ होता. पांढरीचा थेट वारस शोधायचाच तर तो जकातीपेक्षा हैसियत करात दाखवणे अधिक सयुक्तिक ठरते.

जकात : १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली आणि कापूस, धान्य, किराणा यांची उलाढाल वाढत गेली. इतवारीची घाऊक पेठ हे या वाढीचे केंद्र. नगरपालिकेला नगद आणि रोजच्या रोज पैसा देणारा कर म्हणून जकातीचे महत्त्व त्यातून वाढले. पुढे महानगरपालिकेच्या काळातही ती उत्पन्नाचा कणा राहिली. सफाई कामगारांचे पगार आणि पथदिव्यांचे वीजबिल नियमित भागत असे, ते मुख्यतः या रोजच्या भरण्यामुळे.

परताव्याचा प्रश्न नागपुरात विशेष अवघड होता, आणि त्याचे कारण शहराच्या जागेत आहे. उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम जाणारे देशाचे दोन मोठे रस्ते (पूर्वीचे राष्ट्रीय महामार्ग ७ व ६) येथे एकमेकांना मिळतात, रेल्वेचेही तसेच. शहरात येणाऱ्या मालापैकी पुष्कळसा पुढे जाण्यासाठीच येतो. असा माल हद्दीत किती वेळ राहिला, त्याचे गठ्ठे शहरात फोडले गेले की नाही, तोच माल बाहेर पडला का, हे पाहण्यासाठी नाक्यावर नोंद, बाहेर पडताना पुन्हा नोंद आणि मधल्या काळासाठी पारगमनाचा परवाना लागे. परताव्याची मुदत चुकली की व्यापाऱ्याचे पैसे अडकत. नोंद सैल ठेवली की महानगरपालिकेचे बुडत. वजनावर जकात घ्यावी की किमतीवर, हा दुसरा वाद. वजनावर घेतल्यास वसुली सोपी, पण भरड धान्य आणि भारी कापड यांतला भेद पुसला जातो. किमतीवर घेतल्यास भार न्याय्य पडतो, पण नाक्यावरच्या कारकुनाला बीजक खरे की खोटे ते ठरवावे लागते. जकातीविरुद्धची मुख्य तक्रार, म्हणजे नाक्यावरचा खोळंबा व लाचखोरी, ही बहुतांशी या दोन तपशिलांतून उपजली आहे. १९५३-५४ च्या कर चौकशी आयोगापासून अर्थशास्त्रज्ञ जकातीच्या दोषांवर बोट ठेवत आले, तरी तिच्याइतके उत्पन्न देणारा दुसरा स्थानिक कर कोणी सुचवू शकले नाही.

राज्यातील नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली. नागपूर महानगरपालिकेत ती १ एप्रिल २०१३ पासून बंद होऊन तिच्या जागी हिशेबवह्यांवर आधारलेला स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला. व्यापाऱ्यांचा त्याला तीव्र विरोध झाला. ऑगस्ट २०१५ मध्ये ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना तो माफ झाला आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच संपला. शहरात येणाऱ्या मालावर कर बसवण्याचा राज्यसूचीतील अधिकारच १०१ व्या घटनादुरुस्तीने वगळला गेला आहे. त्याऐवजी राज्य शासन २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी ८ टक्के चक्रवाढीने भरपाई देते. ज्या शहरांची वसुली एलबीटीच्या काळात खालावली होती, त्यांना हा पाया जाचक ठरतो, आणि नागपूरकरांचा आक्षेप मुळात तोच आहे. आठ टक्क्यांवर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. पाया कोणता धरला, हाच खरा प्रश्न.

मालमत्ता कर : घरमालक ज्याला नुसता ‘टॅक्स’ म्हणतो तो हा कर वार्षिक भाडेमूल्यावर बसतो. २०१५-१६ च्या सुमारास आकारणी क्षेत्रफळाच्या आधारे करण्याची पद्धत आली व मालमत्तांचे नव्याने सर्वेक्षण झाले. वसुली दहा झोनांमार्फत होते.

अंदाजपत्रक व स्थायी समिती : आयुक्त आपले अंदाजपत्रक सोळा सदस्यांच्या स्थायी समितीपुढे ठेवतात, समितीचे अध्यक्ष त्यात फेरफार करून ते सभागृहात मांडतात आणि सभागृह मंजुरी देते. समितीचे निम्मे सदस्य दरवर्षी निवृत्त होतात, अध्यक्षही वर्षापुरता. म्हणजे शहराच्या पैशाचा अभ्यास करायला अध्यक्षाला जेमतेम बारा महिने मिळतात. महालातल्या टाऊन हॉलमध्ये चालणारी अंदाजपत्रकावरची चर्चा कित्येक वर्षी जूनपर्यंत लांबली, तोवर आर्थिक वर्षाची पहिली तिमाही संपत आलेली असे. आयुक्तांचा आकडा आणि अध्यक्षांचा आकडा यांत पडणारे अंतर हा दरवर्षीच्या बातमीचा विषय. ते अंतर पुष्कळदा येऊ घातलेल्या शासकीय अनुदानाच्या आशेवर उभे असते.

प्रारंभी मनपाचा कारभार १९४८ च्या नागपूर शहर महानगरपालिका कायद्याने चाले. नागपूर तेव्हा राजधानीचे शहर होते आणि शहरासाठी स्वतंत्र कायदा होणे त्याला साजेसे होते. १९५६ मध्ये राजधानीपण गेले, कायदा मात्र पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. सुमारे २०१२ पासून राज्यातील इतर महानगरपालिकांचा कायदा नागपूरलाही लागू झाला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई व नागपूर येथे महापौर परिषदेची (मेयर-इन-कौन्सिल) पद्धत अल्पकाळ अमलात होती. तीत कार्यकारी अधिकार आयुक्तांकडून महापौर व त्यांच्या परिषदेकडे आले होते. खर्चाचा निर्णय घेणारा आणि त्याबद्दल मतदाराला उत्तर देणारा एकच असावा, हा त्यामागचा विचार. प्रयोग लवकर गुंडाळला गेला, हे या नोंदीच्या दृष्टीने खेदाचे आहे. त्याचे गुणदोष ताळेबंदात दिसण्याइतका अवधीच त्याला मिळाला नाही.

अर्थतज्ज्ञ, सल्लागार व नगरसेवक : महाराष्ट्रात अर्थशास्त्राचा अभ्यासक नगरपालिकेत बसण्याची परंपरा गोपाळ कृष्ण गोखले यांच्यापर्यंत मागे नेता येते. फर्ग्युसन महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलेले गोखले विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते. नागपुरात वाढलेले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी मात्र संशोधन, सहकार व नियोजन यांचा मार्ग धरला. नागपूरच्या सभागृहात वकिलांचे प्राबल्य राहिले. पहिले महापौर बॅरिस्टर शेषराव वानखेडे पुढे राज्याचे अर्थमंत्री झाले. १९९७ मध्ये वयाच्या २७ व्या वर्षी महापौर झालेले देवेंद्र फडणवीस हेही कायद्याचे पदवीधर. पुढे व्यवस्थापनशास्त्र शिकलेले.

सल्लागार आला तो बाहेरून. पॅट्रिक गेडीस यांचा नागपूरच्या नगररचनेवरील अहवाल १९१७ चा. जीवशास्त्रातून समाजशास्त्राकडे आणि तेथून नगररचनेकडे वळलेले हे गृहस्थ शहरे पायी फिरून पाहत आणि मोठी पाडापाड न करता थोडक्या खर्चात काय सुधारता येईल ते सांगत. त्या अर्थाने त्यांचा सल्ला अर्थशास्त्रीयही होता. नंतरच्या सल्लागाराचे काम पालटले. २००१ मध्ये महानगरपालिकेने पाणीपुरवठ्यासाठी ५० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले. रोख्यांसाठी पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या क्षमतेची श्रेणी, लागते आणि पतमानांकनासाठी सुवाच्य हिशेब. २००५ मध्ये केंद्राचे जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान आले, त्यात शहर विकास आराखडा, सविस्तर प्रकल्प अहवाल (डीपीआर) आणि द्विनोंदी लेखापद्धती या अटी होत्या. तेव्हापासून अर्थशास्त्र जाणणाऱ्याला महानगरपालिकेत शिरण्याचा रूढ मार्ग म्हणजे अहवाल लिहिणे. निवडणूक लढवून स्थायी समितीत बसणारा त्यांच्यातला विरळाच. त्याला दोन्ही बाजूंचे कळते, ही त्याची जमेची बाजू. पण प्रभागातल्या नालीसाठी तरतूद मागायची आणि एकूण तुटीबद्दल बोलायचे, ही ओढाताण त्यालाही चुकत नाही.

पाणी : अंबाझरी तलावाचे पाणी १८७० च्या सुमारास शहराला मिळू लागले; मग गोरेवाडा, कन्हान व पेंच. धरमपेठेत चोवीस तास पाण्याचा पथदर्शी प्रयोग झाल्यावर सर्व शहराचे वितरण पंचवीस वर्षांच्या कराराने ‘ऑरेंज सिटी वॉटर’ या खासगी कंपनीकडे गेले (२०११-१२). संपूर्ण शहर अशा रीतीने देणारे हे देशातील पहिले मोठे शहर मानतात. पाणीपुरवठ्याच्या मालमत्तेची मालकी आणि पाणीपट्टी ठरवण्याचा अधिकार महानगरपालिकेकडेच आहे. प्रयोगाचे मूल्यमापन करताना पाणी किती तास आले याकडे लक्ष जाते. गळती व बिगरमहसुली पाण्याचा (ज्याचे पैसे वसूल होत नाहीत अशा पाण्याचा) हिस्सा किती घटला, हा निकष वित्तदृष्ट्या अधिक महत्त्वाचा आहे.

मार्च २०२२ मध्ये १५१ सदस्यांच्या सभागृहाची मुदत संपली व प्रशासकाची राजवट सुरू झाली. त्या काळात स्थायी समिती आणि सभागृह या दोहोंचे अधिकार प्रशासक म्हणून आयुक्तांकडेच होते. अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच होता, आणि टाऊन हॉलमधली चर्चा झाली नाही.