मुलाला ऑटिझम आहे, थेरपीच्या खर्चासाठी कोल्हापुरात सुरुवात कुठून करायची?

थेरपी सुरू करायला कुठलाही सरकारी दाखला लागत नाही. हे सगळ्यात आधी लिहितेय, कारण "सर्टिफिकेट हातात येऊ दे, मग बघू" म्हणत सहा-सहा महिने थांबलेली घरं मी पाहिली आहेत. डॉक्टरांनी नुसती शंका बोलून दाखवली तरी स्पीच थेरपी आणि ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, सुरू करा. दाखला लागतो तो पैशासाठी. आणि पैशाचं म्हणाल, तर सगळा खर्च उचलणारी एक योजना नाही. निरामय विम्यातून थोडे, आयकरातून थोडे, ग्रामपंचायतीच्या किंवा महापालिकेच्या निधीतून थोडे, असं जमवावं लागतं. आमचा मुलगा आता सात वर्षांचा आहे आणि आमची फाईल दोन इंच जाड झालीय. ती ज्या क्रमाने व्हायला हवी होती, तो क्रम इथे देतेय. आम्ही उलटा केला होता.

आधी फुकट काय मिळतं ते बघा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे. त्यात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. विकासातला उशीर आणि ऑटिझम दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. पथकाने चिठ्ठी दिली की पुढची तपासणी आणि उपचार मोफत. त्यासाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, ही व्यवस्था आहे. पथक तुमच्या गावात कधी येणार याची वाट बघू नका. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना सांगून चिठ्ठी घ्या, किंवा थेट सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापुरातल्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या, बालरोग विभागात जाऊन विचारा. गर्दी असते, वार मोजके मिळतात. तरी खासगी सत्रांना याची जोड दिली तर महिन्याचा बोजा बराच उतरतो. उत्पन्नाचा दाखला इथे लागत नाही.

यूडीआयडी कार्ड

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. पुढच्या प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न हाच येणार: "यूडीआयडी आहे का?" 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकार धरलेत, ऑटिझम त्यातला एक. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, फी नाही. स्वतः जमत नसेल तर आपले सरकार केंद्रात भरून मिळतो. मुलाचं आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, आई किंवा वडिलांचं आधार आणि ओटीपी येईल असा चालू मोबाइल नंबर एवढं लागतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचं निळं बाल आधार चालतं. पाच पूर्ण झाले की बोटांचे ठसे देऊन ते अपडेट करायचं विसरू नका, नाहीतर पुढे बँकेत अडतं.

आमचं अडलं ते नावात. सीपीआरला जायच्या आदल्या दिवशी कागद झेरॉक्सला दिले, तर दुकानदारच म्हणाला, "वहिनी, जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव 'राव' लावून हाय, आधारवर नुसतंच हाय की." हसण्यावारी नेलं आणि तीन आठवडे गेले. तुमच्याकडचे जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड आणि बँक पासबुक एका ओळीत मांडा आणि नावाचं अक्षर न् अक्षर जुळवा. जुळत नसेल तर आधी आधार दुरुस्त करा, मगच पोर्टल उघडा.

अर्जात रुग्णालय निवडावं लागतं. ऑटिझमच्या तपासणीला मानसोपचारतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लागतात. जवळच्या रुग्णालयात ही माणसं आहेत का, ते आधी विचारून घ्या. नसतील तर भाऊसिंगजी रोडवरचं सीपीआर. बोर्डाचे, म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाचे, वार ठरलेले असतात. चंदगडहून शंभर किलोमीटरच्या वर प्रवास करून लेकराला घेऊन यायचं आणि "आज बोर्ड नाही" ऐकायचं, हे टाळायला एक फोन पुरतो.

तपासणीचा दिवस

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण टक्के इथेच ठरतात.

आयएसएए नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात 40 मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला 1 ते 5 गुण. क्वचित म्हणजे 1, कधी कधी म्हणजे 2, वारंवार 3, बहुतेक वेळा 4, नेहमी 5. बेरीज 70 च्या खाली आली तर ऑटिझम धरत नाहीत. 70 ला 40 टक्के, आणि तिथून पुढे गुणांप्रमाणे टक्के चढत जातात. बहुतेक योजनांची दारं 40 टक्क्यांना उघडतात, म्हणून ही 70 ची रेघ महत्त्वाची.

बरेचसे मुद्दे तुम्हाला विचारून भरतात. आणि आपण आया इथे माती खातो. "नजरेला नजर देतो का?" "हो, देतो की कधी कधी." "हाक मारल्यावर बघतो का?" "बघतो, मूड असला की." परक्या माणसासमोर पोराचं कमीपण सांगायला जीभ रेटत नाही, त्यातून सासूबाई शेजारी बसलेल्या. त्यात आमचं ध्यान त्या दिवशी खोलीतल्या पंख्याकडे बघत इतकं शांत बसलं होतं, की मलाच वाटलं, उगाच आलो. वाढवून सांगू नका, ते तज्ज्ञांना कळतं. पण झाकूनही सांगू नका. आदल्या पंधरवड्यात एका वहीत रोजचं लिहून ठेवा: किती हाका मारल्यावर वळून बघितलं, जेवताना काय झालं, मिक्सरच्या आवाजाला काय केलं. मोबाइलवर दोन-तीन छोटे व्हिडिओ काढून न्या. थेरपिस्टचा अहवाल आणि आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर हवीच. आणि खाऊ न्या, नंबर यायला वेळ लागतो.

2024 च्या सुधारित नियमांनी कार्डाला रंग आले. 40 टक्क्यांच्या आत पांढरं, 40 ते 80 च्या आत पिवळं, 80 आणि वर निळं. लहान मुलांना बहुधा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं आणि पुढे फेरतपासणी होते. ती मुदतीची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. टक्के पटले नाहीत तर कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं. डॉक्टरांशी खिडकीत वाद घालून काही होत नाही, लेखी द्या.

निरामय

थेरपीच्या खर्चाला थेट हात लावणारी योजना म्हणून मी हिलाच सगळ्यात वर धरते. आपल्या राज्याच्या महात्मा फुले योजनेचं कार्ड चांगलंच आहे, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरचं. आठवड्याला तीन स्पीच आणि दोन ओटीला त्याचा उपयोग नाही.

निरामय ही राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची विमा योजना. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी. वर्षाला 1 लाखापर्यंत संरक्षण, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय चाचणी नाही, "आजार आधीपासून होता" ही सबब नाही. पहिल्या नोंदणीला दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला 250 रुपये, बाकीच्यांना 500. नूतनीकरण 50 आणि 250. बाजारात या पैशात काय मिळतं ते तुम्हाला माहीतच आहे.

पण 1 लाख म्हणजे 1 लाखाची थेरपी नव्हे. शस्त्रक्रिया, ओपीडी, थेरपी, प्रवास असे आतले कप्पे आहेत आणि थेरपीच्या कप्प्याला वेगळी मर्यादा आहे. कार्ड मिळालं की त्या वर्षाचा तक्ता आधी वाचा. वर्ष एप्रिल ते मार्च चालतं. फेब्रुवारीत नोंदणी केली तर 31 मार्चला संपतं, म्हणून एप्रिलमध्येच करा. कागद नेहमीचेच: दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, आधार, पत्ता, फोटो, पासबुक, आणि सवलतीची फी हवी असेल तर बीपीएलचा पुरावा. न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत किंवा ऑनलाइन भरता येतं.

पैसे आधी आपल्या खिशातून जातात, मागाहून खात्यात येतात. उपचारानंतर 30 दिवसांत मूळ बिलं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि क्लेम फॉर्म पोचायला हवा, म्हणून दर महिन्याचा वेगळा क्लेम लावा. आमचे पहिले चार महिने पाण्यात गेले. जिथे थेरपी चालू होती तिथे कोऱ्या कागदावर "मिळाले" लिहून सही द्यायचे, आणि आम्हीही मागितलं नाही. आता पहिल्याच दिवशी सांगतो: पावतीवर मुलाचं पूर्ण नाव, तारखा, थेरपीचा प्रकार, सत्रांची संख्या, शिक्का आणि थेरपिस्टचा आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक हवा. जो क्रमांक सांगायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे मूलही सोडू नये असं माझं मत.

महिन्याची पेन्शन

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत 40 टक्के आणि वरच्या दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून महिना 2,500 रुपये झाले, आधी 1,500 होते. मूल अल्पवयीन असेल तर पालक अर्ज करतात. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000 आहे. या आकड्यात नोकरदार घर बसत नाही हे उघड आहे, आणि रोजंदारीवरचं घरही जेमतेम बसतं. बसत असाल तर तहसील कार्यालयात अर्ज द्या. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रात 15 वर्षं राहिल्याचा पुरावा, वयाचा दाखला, यूडीआयडी आणि आधार जोडलेलं बँक खातं लागतं.

आयकर भरत असाल तर

1961 च्या कायद्यातलं कलम 80डीडी. दिव्यांग मुलाच्या पालकाला उत्पन्नातून 75,000 ची वजावट, 80 टक्के आणि वर असेल तर 1,25,000. प्रत्यक्ष खर्च किती झाला यावर रक्कम बदलत नाही. वजावट उत्पन्नातून आहे, करातून नाही, त्यामुळे 20 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे साधारण 15,000 वाचतात. फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. ऑटिझमला नुसतं यूडीआयडी पुरत नाही, वेगळा वैद्यकीय फॉर्म लागतो (1961 च्या कायद्यात 10-आयए). त्यावर बालमेंदूविकारतज्ज्ञ किंवा सरकारी रुग्णालयाचे सिव्हिल सर्जन यांची सही लागते. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदललेत, सीएंना "दिव्यांग अवलंबिताची वजावट" असं सांगा.

पाच टक्के निधी

ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिका या सगळ्यांना स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. रक्कम गावागावात वेगळी, कारण मुळात पंचायतीचं उत्पन्नच वेगळं. साखर कारखान्याशेजारचं गाव आणि गगनबावड्यातली वाडी यांची बरोबरी होणार नाही. यूडीआयडीची प्रत जोडून साध्या कागदावर अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या. यादीत नाव नसेल तर ग्रामसभेत उठून विचारा. मार्चअखेरीस नव्हे, दिवाळीच्या आसपास. मार्चमध्ये पैसे दुसरीकडे वळलेले असतात.

एसटीत दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सवलत आहे, सोबत्याची सवलत टक्क्यांवर ठरते. कागल किंवा गारगोटीहून आठवड्याला तीनदा येणाऱ्याला ही रक्कम लहान नाही. शाळेचं वय झालं की आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या खासगी शाळांमधल्या, 25 टक्के राखीव जागांत 40 टक्के दिव्यांगत्व असलेलं मूल वंचित गटात येतं आणि त्याला उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. तो अर्ज वर्षातून एकदाच उघडतो, त्यामुळे तेव्हा यूडीआयडी हातात असायला हवं.