चकचकीत कागदाच्या आतला लगदा

मासिकाच्या गुळगुळीत पानावर बोट फिरवलं की हाताला लागतो तो खनिजाचा थर. कॅल्शियम कार्बोनेट किंवा केओलिन माती आणि ती धरून ठेवायला लॅटेक्स वा स्टार्च, असा हा लेप. लाकडाचे तंतू त्याखाली झाकलेले असतात. म्हणून तिथे कोणता लगदा घालायचा, याला बराच वाव मिळतो.

लाकडाचा साधारण पाव भाग असतो लिग्निन, तंतूंना एकमेकांशी जखडून ठेवणारा पदार्थ. क्राफ्ट पद्धतीत लाकूड रसायनांत शिजवून तो काढून टाकतात. लगदा मजबूत होतो, पण 100 किलो कोरड्या लाकडातून जेमतेम 45 ते 50 किलोच हाती येतो. दुसऱ्या वाटेने, लाकडाच्या चिपा सोडियम सल्फाइटमध्ये थोड्या मुरवून, वाफेने मऊ करून फिरत्या तबकड्यांत दळतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळतात. लिग्निन बहुतांशी आतच राहतो, फक्त त्याचा रंग फिका होतो. उतारा 85 ते 90 किलोंपर्यंत जातो.

आत राहिलेला हा लिग्निन कागदाच्या कामाला येतो. त्याच्यामुळे तंतू ताठ राहतात, दाबाखाली सपाट होत नाहीत. त्यामुळे तेवढ्याच वजनात कागद जाड आणि ताठ होतो. दळताना निघालेली बारीक भुकटी प्रकाश विखुरते, म्हणून मागच्या पानावरची छपाई कमी दिसते. वजनाला हलक्या मासिकी कागदात हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

खरी अडचण येते लेप देताना. लेपात पाणी असतं. रुळांखाली दाबलेले ताठ तंतू ते पाणी पिऊन फुगतात, मूळ आकार घेऊ पाहतात आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. उपाय म्हणजे लगदा आणखी बारीक दळणे, ॲस्पेनसारख्या झाडांचे आखूड तंतू घेणे, लेपातलं पाणी कमी ठेवणे आणि शेवटी तापलेल्या रुळांतून कागद काढणे. मजबुतीसाठी क्राफ्ट लगदा मिसळावाच लागतो.

लिग्निन अतिनील किरणांनी पिवळा पडतो. लेप ते किरण काही अंशी अडवतो, पूर्ण नाही. दस्तऐवजांना हा कागद नकोच. काही महिने वाचून रद्दीत जाणाऱ्या मासिकासाठी मात्र जवळपास दुप्पट लाकूड खर्च करणं मला पटत नाही.

वीज मात्र विसरता येत नाही. सल्फाइट न वापरता नुसत्या वाफेवर दळलेल्या लगद्याला टनामागे 2000 युनिटांहून जास्त वीज लागू शकते. क्राफ्ट गिरण्या विरघळलेला लिग्निन जाळून स्वतःची वाफ आणि वीज बनवतात. म्हणजे वाचलेल्या लाकडाचा फायदा किती खरा, हे दळणाऱ्या यंत्राची वीज कोळशाची की पाण्याची यावर ठरतं.