जुन्या स्पोर्ट्स कारचे विद्युत-नूतनीकरण

साधारण १९७० पूर्वी बनलेल्या स्पोर्ट्स कारची मूळ विद्युत व्यवस्था आजच्या वापराला पुरेशी आणि सुरक्षित करण्याच्या कामाला विद्युत-नूतनीकरण म्हणतात. अर्थिंग व वायरिंग नवे करणे, फ्यूज आणि रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच) वाढवणे, डायनामो या जुन्या जनित्राच्या जागी अल्टरनेटर हे नव्या पद्धतीचे जनित्र बसवणे आणि जरूर पडल्यास अर्थिंगची ध्रुवता, म्हणजे बॅटरीचे कोणते टोक पत्र्याला जोडायचे ते, बदलणे ही कामे त्यात येतात. ही कामे कोणत्या क्रमाने करायची याला फार महत्त्व आहे. बहुतेक मालक आधी अल्टरनेटर विकत आणतात. तो खरे तर शेवटी यायला हवा.

एमजीबी (१९६२–८०), ट्रायम्फ स्पिटफायर (१९६२ पासून) या इंग्लंडच्या गाड्या या प्रकारातल्या प्रसिद्ध. ग्रामीण विदर्भात अशा गाड्या क्वचितच दिसतात, पण त्यांचे नातेवाईक इथल्या मिस्त्रींच्या ओळखीचे आहेत. स्पिटफायरची चासी ट्रायम्फ हेरल्डची चासी आखूड करून बनवलेली होती आणि तीच हेरल्ड मद्रासमध्ये ‘स्टँडर्ड हेरल्ड’ नावाने तयार होत असे. मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली अँबेसेडर तर उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत बनत राहिली. या गाड्यांची विजेची मांडणी ल्युकस या इंग्लिश विद्युत-सामान कंपनीच्या पद्धतीची. त्यामुळे ज्याने अँबेसेडरचा डायनामो खोलला आहे, त्याला एमजीबीचे बॉनेट उघडल्यावर परके वाटत नाही.

सुरुवातीच्या एमजीबीतला ल्युकसचा सी-४० डायनामो जास्तीत जास्त २२ अँपियर देतो, म्हणजे जेमतेम ३०० वॉट. दोन हेडलाइटना सुमारे ११० वॉट, शिवाय छोटे दिवे, वायपर, इग्निशन कॉइल आणि हीटरचा पंखा चालू झाले की शिल्लक फारशी उरत नाही. खरी पंचाईत होते ती इंजिन मंद चालताना. डायनामोत वीज आर्मेचर या फिरत्या गुंडाळीत तयार होते आणि कॉम्युटेटरवरच्या, म्हणजे तिच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांवरच्या, कार्बन ब्रशमधून बाहेर येते. इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला हजाराच्या आसपास उतरल्या की त्याचा विजेचा दाब (व्होल्टेज) बॅटरीपेक्षा कमी होतो, डायनामोला बॅटरीपासून तोडणारा कट-आउट उघडतो आणि सगळा भार बॅटरीवर पडतो. कापसाच्या हंगामात, अंधार पडल्यावर, जिनिंगकडे निघालेल्या बैलगाड्यांच्या आणि ट्रॉल्यांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगावे लागले, की दिवे पिवळे पडतात ते यामुळे.

तरीही अंधुक दिव्यांचा दोष पहिल्यांदा डायनामोला देऊ नये. बॅटरीतून निघालेला प्रवाह दिव्यापर्यंत जातो आणि गाडीच्या पत्र्यातून परत येतो. साठ वर्षांत त्या वाटेवरच्या प्रत्येक जोडावर गंज चढलेला असतो. दिव्याचा उजेड दाबाच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. बॅटरीशी १२ व्होल्ट असताना दिव्याशी १०.८ पोचले, म्हणजे दाब फक्त एक दशांश घटला, तरी उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. याची तपासणी सोपी आहे. हेडलाइट चालू ठेवून मीटरची एक कांडी बॅटरीच्या अर्थच्या खुंटीला आणि दुसरी दिव्याच्या अर्थच्या वायरला लावावी. काटा ०.२ व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब. पत्र्यावरचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडावा, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) नवे बसवावे, इंजिन आणि चासी यांच्यामधली विणलेली पट्टी बदलावी. अवघ्या काही तासांचे आणि थोड्या पैशांचे हे काम झाल्यावर अनेक गाड्यांना अल्टरनेटरची गरजच उरत नाही.

वायरिंग बदलताना ल्युकसचे रंग पाळावेत, नाहीतर पुढच्या मिस्त्रीला काही उमगत नाही. तपकिरी वायर बॅटरीतून थेट आलेली, पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी तीच फ्यूजमधून पुढे गेलेली, निळी हेडलाइटची, लाल छोट्या दिव्यांची आणि काळी अर्थची. जुन्या काळच्या वायरवर रबर आणि त्यावर सुताची वीण असे. ते रबर आता हात लावला की भुकटी होऊन गळते. नवी वायर बहुतारी, वाहनांसाठीचीच घ्यावी. घराच्या फिटिंगची जाड एकतारी वायर मोटारीच्या हादऱ्यांनी थिंबलपाशी तुटते. ही चूक तालुक्याच्या गावी वारंवार दिसते, कारण घरगुती वायर कोणत्याही दुकानात मिळते. पहिल्या एमजीबीत दोनच फ्यूज होते आणि हेडलाइटच्या वाटेवर एकही नव्हता. त्या वाटेवर फ्यूज घालणे हे या सगळ्या कामातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचे पाऊल. जळालेल्या फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा बसवणाऱ्याने गाडीच्या आगीची तयारी करून ठेवलेली असते.

त्यानंतर रिले. मूळ मांडणीत हेडलाइटचा सगळा प्रवाह डॅशबोर्डच्या बटणातून जातो. बटण तापते आणि दाबही घटतो. रिले लावल्यावर बटणातून नाममात्र प्रवाह जातो (८५ आणि ८६ ही टोके), आणि मोठा प्रवाह ३० वरून ८७ वर थेट दिव्याकडे. हॅलोजन बल्ब लावायचे असतील तर रिलेशिवाय लावू नयेत.

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच इंग्लिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असे. एमजीबीने १९६७ च्या अखेरीस ऋण अर्थिंग आणि अल्टरनेटर एकदमच स्वीकारले. ध्रुवता उलटवताना नुसत्या बॅटरीच्या वायरी अदलाबदल करून भागत नाही. डायनामो ठेवणार असाल तर त्याच्या फील्डच्या (चुंबकीय क्षेत्र देणाऱ्या स्थिर गुंडाळीच्या) टोकाला बॅटरीची जिवंत वायर क्षणभर टेकवून त्याची चुंबकता नव्या दिशेने बसवावी लागते. इग्निशन कॉइल आणि अमीटर यांच्या वायरी उलटाव्या लागतात. सेल्फच्या मोटरचे फील्ड गुंडाळीचे असल्याने ती दोन्ही प्रकारे त्याच दिशेने फिरते. स्थायी चुंबकाचा पंखा मात्र उलटा फिरू लागतो.

अल्टरनेटरमध्ये वीज स्थिर गुंडाळ्यांत तयार होते आणि डायोड तिला एकदिश करतात, म्हणून इंजिन मंद असतानाही चार्जिंग चालू राहते. ल्युकसचा १७ एसीआर हा अल्टरनेटर ३६ अँपियर देतो. तो बसवला की डायनामोचा दाब सांभाळणाऱ्या कंट्रोल बॉक्सचे काम उरत नाही, आणि तिथून बॅटरीकडे जाणारी तपकिरी वायर या प्रवाहाला बारीक ठरते. ६ ते १० चौरस मिलिमीटरची नवी वायर ओढावी. ३० अँपियरचा अमीटर असेल तर त्याऐवजी व्होल्टमीटर लावणे शहाणपणाचे. चार्जिंगचा लाल दिवा २.२ वॉटचाच ठेवावा. त्याच्यातून जाणारा प्रवाहच अल्टरनेटरला जागवतो. तिथे एलईडी लावली तर चार्जिंग सुरू होईलच असे नाही. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढू नये. डायनामोच्या गाड्यांत ‘चार्जिंग बघायला’ असे करायची सवय जुन्या मिस्त्रींना आहे. अल्टरनेटरचे डायोड त्याने जातात.

विदर्भात आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि बॉनेटखाली त्याहून वर. शिसे-आम्ल बॅटरीला तापमान वाढेल तसा चार्जिंगचा दाब कमी लागतो. १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशाला सुमारे २० मिलिव्होल्ट. २५ अंशांना १४.२ व्होल्ट योग्य असतील, तर ४५ अंशांना १३.८ पुरतात. चार्जिंगचा दाब ठरवणारा रेग्युलेटर नीट लावलेला नसेल तर पाणी उडून जाते. जुन्या एमजीबीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे झाकणाखाली दडलेल्या असतात, म्हणून उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाकण उघडून डिस्टिल्ड वॉटर पाहावे. गाडी कोठ्यात, सोयाबीनच्या पोत्यांशेजारी पावसाळाभर उभी असेल तर बॅटरीचे टोक काढून ठेवावे आणि वायरिंगवर उंदरांच्या दातांचे ठसे आहेत का, ते गाडी सुरू करण्याआधी बघावे.

इथली एक गोष्ट मात्र मोठ्या शहराहून बरी आहे. शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारींमुळे तालुक्याच्या जवळपास प्रत्येक गावात वाइंडिंगचे दुकान असते. त्या हातांना डायनामोचे आर्मेचर पुन्हा गुंडाळणे नवे नाही, आणि शेजारच्या लेथवर कॉम्युटेटर साफ होतो. फक्त त्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या पातळीच्या थोडा खाली कापायला आठवणीने सांगावे. रात्री फारशी न फिरणारी गाडी असेल तर नीट गुंडाळलेला डायनामो, स्वच्छ अर्थिंग आणि रिले एवढ्यावर थांबावे, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

त्याला कायद्याचाही आधार आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरील, मूळ रूपात राखलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी दहा वर्षांसाठी मिळते. म्हणून नव्या रिलेसाठी पत्र्याला भोके पाडू नयेत, जुन्याच बोल्टवर पट्टी बसवावी. काढलेला डायनामो, कंट्रोल बॉक्स आणि वायरींचा जुना जुडगा प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधून, तेलाचा हात फिरवलेल्या कापडात गुंडाळून गाडीबरोबरच ठेवावा.